साडेचौतीस इंच

११ जानेवारी

मामा,

लांबूनच वाकतो. पाठीवर हात ठेवल्यासारखं करा.

आधी कबुली. हे पत्र मी गेल्या उन्हाळ्यापासून लिहितोय. पहिल्या खेपेला 'मामा' एवढंच लिहून झालं आणि त्याच कागदावर मी रेझिनचं प्रमाण मांडत बसलो. दुसरा कागद घडी होऊन टेबलाच्या आखूड पायाखाली गेला. तो अजून तिथेच आहे आणि टेबल आता हलत नाही. तिसऱ्या खेपेला पाकीट, तिकीट, पत्ता सगळं तयार होतं, फक्त आत घालायला काही नव्हतं. तुम्ही म्हणाल, भिंगरी ती भिंगरीच. नाव तुम्हीच ठेवलंय.

फोन का करत नाही, असंही म्हणाल. फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि मागे मशीन चालू असतं. मला काय सांगायचं होतं ते त्या आवाजात वाहून जातं. बरं, मशीनचा आवाज बदललाय का? पूर्वी टकटक यायची, हल्ली नुसतं घुर्र ऐकू येतं.

तर मी सध्या होड्या दुरुस्त करायच्या एका यार्डात आहे. चौदा महिने झाले. हसू नका. राहायला एका लाँड्रीच्या वर खोली मिळालीय. खाली बाईंचा बॉयलर सकाळपासून धुमसत असतो, त्यामुळे माझी फरशी कायम कोमट. थंडीत मोजे लागत नाहीत. बाईंकडे एक मांजर आहे, ते गिऱ्हाइकांच्या इस्त्री केलेल्या शर्टांवरच झोपतं. परवा एक साहेब पाठीवर मांजराचे केस घेऊन लग्नाला... जाऊ दे. विषय काय होता?

हां. मी सायकल बनवतोय. सुटे भाग आणून जोडत नाही, अख्खी फ्रेमच बनवतोय. कार्बनची. आमच्या यार्डात होडीचं भोक बुजवायला हे कार्बन वापरतात, तिथेच हात बसला. मामा, तुम्हाला सांगतो, हे कार्बन म्हणजे चक्क कापड आहे! काळं, चकचकीत, ताणाबाणा स्पष्ट दिसणारं. थानातून उलगडायचं, खडूने आखायचं, कात्रीने कापायचं. मग रेझिनमध्ये, म्हणजे एका घट्ट डिंकात, भिजवून नळ्यांच्या सांध्यावर गुंडाळायचं. वाळलं की लोखंड त्याच्यापुढे पाणी भरेल. नळ्या तयार मिळतात. आपण त्यांची टोकं माशाच्या तोंडासारखी कोरायची, म्हणजे एक नळी दुसरीला मिठी मारून बसते. मग सांधे गुंडाळायचे. सगळा खेळ सांध्यांचा आहे.

पहिल्या दिवशी यार्डात ते कापड हातात आलं, तेव्हा मी एका टोकाला चिमटीत धरून ओढून बघितलं. तुम्ही नवीन थान आलं की बघता तसं. फोरमन म्हणाला, "शिंपी होतास काय?" मी म्हटलं, "शिंप्याच्या टेबलाखाली वाढलो." तेच खरं आहे ना. आई गेल्यावर तुम्ही मला घेऊन आलात, तेव्हापासून मी आणि दादा कापायच्या टेबलाखाली कातरणांच्या ढिगावर झोपायचो. घरात तीन बाप्ये आणि एक मशीन. कधी लोकरीची कातरणं असायची, तेव्हा ऊब. कधी कॅनव्हासची, तेव्हा अंगावर वळ.

ही सायकल तुमच्यासाठी आहे. पूर्वी तुम्ही शिवलेले कपडे पोचवायला सायकलवरून जायचात, कोट हँगरसकट खांद्यावर, मागून बघितलं तर दोन माणसं चाललीत असं वाटायचं. अशी सायकल माणसाच्या मापाची करतात, कोटासारखी. तेव्हा तुमची मापं पाठवा. पायाची आतली लांबी, धड, हात, खांदे. अनवाणी उभं राहून घ्या.

दादाला सांगू नका. तो तुमचा मुलगा असला तरी आधी माझा दादा होता. त्याची शर्यतीची सायकल मी नेली आणि ती चोरीला गेली, त्याला आता सात वर्षं झाली. त्याच रविवारी त्याची शर्यत होती. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, की मी त्याच्याशी बोलत नाही, हेही आता कळेनासं झालंय.

तुमचा,
भिंगरी


२४ जानेवारी

भिंगरीस,

आशीर्वाद आणि एक धपाटा, दोन्ही याच पाकिटात.

चौदा महिने एका जागी टिकलास, हे वाचून चष्मा पुसला आणि परत वाचलं. चौदाच होते.

मशीनला मोटर लावली आहे. सोय म्हणून. बाकी काही नाही.

काळं कापड डोळे खातं. खिडकीशी बसून काम कर. कात्री चांगली घे, आणि ती कागदाला लावू नकोस. लहानपणी माझ्या कात्रीने पतंग कापलास, तेव्हा काय झालं होतं ते कानाला विचार.

मापं खाली दिली आहेत. इंचात.
पायाची आतली लांबी साडेचौतीस.
धड पंचवीस.
हात, खांद्याच्या हाडापासून मुठीपर्यंत, साडेसव्वीस.
खांदे साडेसतरा.

दादा बरा आहे. जमीन मोजणीच्या कचेरीत लागला, ते तुला माहीत नसेल. दिवसभर लोकांच्या हद्दी मोजतो आणि घरी येऊन भिंतीकडे बघत चहा पितो. त्याला काही सांगितलेलं नाही.

त्याच्या सायकलीचे दोन हूक भिंतीवर अजून आहेत. फ्रेमला चरा पडू नये म्हणून त्यांना मी कापडाच्या गाद्या शिवल्या होत्या, त्याही आहेत. गिऱ्हाइकं म्हणतात, इथे कोट का लावत नाही. मी म्हणतो, जागा धरून ठेवली आहे.

एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तुला काळ्या धाग्याचं रीळ आणायला पाठवलं होतं. दहा मिनिटांत आणतो म्हणालास. कोट अर्धा राहिला होता. रीळ मिळालं का?

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

रीळ मिळालं नाही. म्हणजे त्याची एक गोष्ट आहे, पण ती नंतर.

आधी मापांबद्दल. तुमचा अपमान करायचा नाही, पण साडेचौतीस? मी प्लायवूडच्या फळीवर फ्रेमचा पूर्ण आकाराचा नकाशा काढला. नळ्या पक्क्या होईपर्यंत हलू नयेत म्हणून तिथेच त्या ठोकळ्यांत धरून ठेवायच्या असतात. तो नकाशा उभा करून बघितला तर जिराफाची सायकल वाटली. मामा, तुमच्या पँटी दोरीवर मीच वाळत घालायचो. दादाची पँट दोरीवरून लोंबली की खाली कोंबडीच्या पाठीला लागायची, तुमची कधी लागली नाही. टेप जुना झाला असेल, ताणला गेला असेल. नाहीतर एकट्याने वाकून मोजताना चुकलं असेल. पुन्हा मोजाल का? कोणाला तरी हाताशी घ्या.

दुसरं म्हणजे, पहिली फ्रेम मोडली.

फ्रेम म्हणजे सरावासाठी आधी नुसते दोन सांधे केले होते, वाया गेलेल्या नळ्यांवर. सगळं नीट केलं होतं. रेझिन तराजूवर मोजून घेतलं. त्यात हार्डनर टाकलं की मोजून अर्धा तास हातात असतो, त्यानंतर वाटीतच दगड होतो. त्या अर्ध्या तासात बाईंनी खालून हाक मारली, मांजर चादरींच्या गाठोड्यात अडकलंय म्हणून. मी म्हटलं, दोन मिनिटं. मांजर निघालं, वाटी फुकट गेली. वाटी इतकी तापली होती की धूर निघत होता. दुसऱ्यांदा दार लावून घेतलं. चार थर गुंडाळले. वरून काळी इन्सुलेशन टेप आवळून लावायची असते, चिकट बाजू बाहेर, आणि तिला सुईने भोकं पाडायची म्हणजे जास्तीचं रेझिन घामासारखं बाहेर येतं. दोनशे भोकं पाडली. फरशीवर ठेवून दोन दिवस शेकलं.

टेप सोलली तर आतल्या बाजूला सगळ्या चुण्या. दोन नळ्या मिळतात त्या गळ्याशी कापड उचललं गेलेलं. तरी म्हटलं बघू, आणि वर उभा राहिलो. टक् असा आवाज आला. पुढे काही सांगायला नको.

फोरमन म्हणतो, सांध्यावर कापड बसत नाही ते नाहीच बसत, साचा कर. साचा करायला जागा नाही. मी दोन दिवस काही केलं नाही. नुसता खिडकीत बसून दोरीवरच्या लोकांच्या चादरी बघत होतो. आपल्या खोलीतला दुपारचा उजेड आठवत होता. तुम्ही काज करत असायचात, दादा त्याची चेन रॉकेलमध्ये धूत असायचा. मी काय करायचो ते मात्र आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. पण तितका कामात मी पुन्हा कधी नव्हतो.

भिंगरी


२ मार्च

भिंगरीस,

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. माझ्या टेबलाखाली वाढलेल्या पोराने गळ्याला सरळ पट्टी लावली!

अरे, कापड ताण्याच्या दिशेने सरळ कापून वळणावर बसवलंस तर ते चुण्या देणार नाही तर काय करणार? वळणाला उरेब लागतो. तिरका कोन धर, धागे दोन्ही बाजूंनी कर्णासारखे गेले पाहिजेत. मग तेच कापड बोटाच्या नुसत्या दाबाने गळ्याभोवती वळतं. गळ्याच्या उरेब पट्ट्या तूच कापायचास. दहा वर्षांचा होतास, जीभ बाहेर काढून कापायचास आणि एक पट्टी कधी वाकडी गेली नाही. हात विसरला नसेल. डोकं विसरलं असेल. तेव्हा डोक्याला विचारू नकोस.

आत एक थर सरळ ठेव, ताकदीला. वरचे सगळे उरेब. आणि एक मोठा तुकडा लावण्यापेक्षा लहान लहान लाव, एकावर एक, कडा एकाच ठिकाणी संपू देऊ नकोस. कोटाच्या खांद्यात थर कसे पायरीने कापतो, तसं.

सुईने दोनशे भोकं पाडणाऱ्या माणसाला काय म्हणावं? सोबत माझं दातेरी चाक पाठवतो. खाका उतरवायचं. टेपवरून एकदा फिरवलंस की झालं. लाकडी मूठ सैल आहे, जपून वापर. तीस वर्षं माझ्या हातात होतं.

माप पुन्हा घेणार नाही. चाळीस वर्षं गळ्यात टेप आहे. माझं माप चुकलेलं नाही. पाठवलंय त्यावर काप.

आणि होड्यांच्या यार्डातच कसा काय पोचलास, ते कधी सांगितलं नाहीस. घरातून निघालास तो कोपऱ्यावरच्या दुकानात निघाला होतास.

मामा


९ एप्रिल

मामा,

बसलं! कापड बसलं!

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी उरेब आखला आणि खरंच, कात्री लावताना जीभ बाहेर आली होती. बाई इस्त्रीचे कोळसे... छे, बाईंची इस्त्री विजेची आहे, कोळसे तुमच्या इस्त्रीचे. काय सांगत होतो? कापड भिजवलं, सांध्यावर ठेवलं आणि अंगठ्याने नुसतं दाबलं. ते गळ्याभोवती असं वळलं जसं काही तिथेच विणलं होतं. एक चुणी नाही. सहा थर, पायरीपायरीने. मग टेप, मग तुमचं चाक. चर्रर्र करत फिरलं आणि मागे काळ्या घामाच्या थेंबांची रांग. मुठीवर तुमच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. हे मला आधी माहीत नव्हतं.

पायडलचा आस बसतो तिथे ॲल्युमिनियमची नळी घालावी लागते. पण कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले की ओलीत धातू कुजतो. दोघंही चांगले, एकत्र मात्र नांदत नाहीत. म्हणून मध्ये काचेच्या कापडाचा एक पातळ थर द्यायचा. मी बाईंना म्हटलं, हे अस्तर. आणि आपल्या घरातलं अस्तर कोण होतं ते आठवलं.

मग तीन आठवडे घासकाम. तोंडाला मास्क, हातात मोजे, पॉलिश पेपर ओला करून. धूळ अंगाला लागली तर दोन दिवस खाजतं. बाईंनी सांगितलंय, खाली येताना आधी झटकून यायचं, नाहीतर मांजर बरं. आता फ्रेम काळ्या आरशासारखी दिसते आणि तिरपं बघितलं की आतला उरेब चमकतो. रंग देणार नाही.

फ्रेम ठोकळ्यांत धरून, सीट आणि पायडल तात्पुरती लावून वर बसून बघितलं. माझे पाय पायडलला पोचत नाहीत, मामा. मी तुमच्यापेक्षा चार बोटं उंच आहे. पण तुम्ही म्हणालात माप चुकलेलं नाही, तेव्हा मान खाली घातली.

सांधे तपासायचे तर नाण्याने वाजवून बघतात. आत सगळं एकजीव असेल तर टिण् वाजतं. कुठे पोकळी राहिली असेल तर थप्. बाहेरून काही दिसत नाही, फक्त आवाज सांगतो. मी अख्खी फ्रेम इंचाइंचाने वाजवली. सगळीकडे टिण्. बाई खालून ओरडल्या, "घंटा कसली?" आणि मला वाटलं, एक जागा आहे ती थप् वाजेल. ती या फ्रेममध्ये नाही. ती मी तुम्हाला सात वर्षांपूर्वी लिहिलेल्या कार्डात आहे. कुलूप तोडून चोराने नेली, असं लिहिलं होतं मी.

चोराने नेली नाही. मी विसरलो.

तुम्ही रीळ आणायला सांगितलंत. दादाची सायकल खाली काढून ठेवलेली होती, चेनला तेल दिलेलं, चाकं फिरवली की मधमाशीसारखा आवाज. मी म्हटलं, कोपऱ्यापर्यंत तर जायचंय. कोपऱ्यावर पोचलो तर रस्त्यातून एक होडी येत होती. खरीखुरी, दोन मजली घराएवढी, लांबलचक ट्रेलरवर. पुढे चार माणसं काठ्यांनी विजेच्या तारा उचलून धरत होती. पुढच्या चौकात ती वळणार कशी, हे बघितल्याशिवाय मला जाता आलं असतं का, तुम्हीच सांगा. मी सायकल पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकवली. ऊन लागू नये म्हणून सीटवर रुमाल टाकला, एवढं नक्की आठवतं. मग एक काठी माझ्या हातात आली. मग पुढचा चौक, मग त्याच्या पुढचा. माणसं म्हणाली, वर चढ, वरून तारा बरोबर दिसतात. होडीच्या नाकावर बसून मी गावाबाहेर पडलो, मामा. माझ्याएवढा खुशीत माणूस त्या दिवशी कुठे नसेल. सायकल आठवली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि समोर पाणी होतं.

चौथ्या दिवशी परत आलो. भिंत होती. रविवार होऊन गेला होता. मी टाकीपासून आपल्या दारापर्यंत चालत आलो होतो, तुम्हाला माहीत नाही. आत मशीनची टकटक चालू होती. दादाचा आवाज नव्हता. मी वळलो.

चोरीला गेली असं सांगितलं की निदान दुसरा कोणीतरी वाईट ठरतो. 'विसरलो' कसं सांगायचं? तीन वर्षं पहाटे उठून तो त्या रविवारसाठी घाम गाळत होता, आणि मी विसरलो.

फ्रेम खोक्यात घालून पाठवतो. मी येत नाही. तुम्ही चालवा, दादाला कुठून आली ते सांगू नका.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरीस,

पत्र वाचलं. होडीच्या नाकावर बसलास तिथे मी मोठ्याने हसलो. त्यानंतर हसलो नाही.

आता माझी पाळी.

माझा उजवा गुडघा चार वर्षांपूर्वी गेला. मशीनचा पायटा होईना म्हणून मोटर लावली. सायकलीवर मी आता चढूही शकत नाही. तुला कळवलं नाही, कारण मग तू सायकल केली नसतीस, आणि काहीतरी शेवटपर्यंत केलेलं मला तुझ्या हातून बघायचं होतं.

मापं दादाची आहेत. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी त्याला म्हटलं, उभा राहा, नवीन पँट शिवतो. तो म्हणाला, पँटीला खांदे कशाला मोजताय? मी म्हटलं, गप उभा राहा. तेव्हापासून रोज विचारतो आहे, बाबा, पँट झाली का? जुनी घोट्याच्या वर आली आहे. कचेरीत सगळे हसतात म्हणे. मी सांगतो, कारागिराकडे दिली आहे, वेळ लागणारं काम आहे.

माझं माप चुकलेलं नाही, असं लिहिलं होतं. खोटं लिहिलेलं नाही.

आता तुला माहीत नाही ते. तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघं टेबलाखालच्या जागेवरून भांडलात. त्याचे पाय बाहेर यायचे, तुझं सामान आत. तो तुला म्हणाला, "हे माझं घर आहे, तू पाहुणा आहेस. पाहुणा किती दिवस राहतो?" मी काज करत होतो, मी ऐकलं आणि काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास. तो शर्यतीला का गेला नाही, असं तुला वाटतं? त्याला दुसरी सायकल द्यायला दोन मित्र तयार होते. तो तुला शोधत हिंडत होता. आजही त्याला वाटतं की त्या एका वाक्याने तू घर सोडलंस, आणि सायकल नेलीस ती त्याला शिक्षा म्हणून. तो तुझ्यावर रागावलेला नाही, रे. तो तोंड दाखवायला घाबरतो.

आणि तू होडी बघायला गेला होतास!

तुझं पत्र त्याला दाखवलेलं नाही. ते तू सांगायचं. मी कापून दिलं, अंगाला बसतं का ते तुम्ही बघा. पण खोक्यात घालून काही पाठवू नकोस. आमच्याकडे ट्रायलशिवाय काम बाहेर जात नाही, हे तू पाच वर्षांचा असल्यापासून ऐकत आला आहेस.

पँटीचं त्याला काय सांगायचं, ते माझं मी बघतो.

मामा


३ मे

मामा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचताना बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण एकट्याला झेपेना. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात सगळेच येडे आहेत काय?" मांजराने काही मत दिलं नाही.

मला ते वाक्य आठवत नाही. शपथ. पाहुणा म्हणाला असेल, तुम्ही ऐकलंय म्हणजे म्हणालाच. पण त्या संध्याकाळचं मला आठवतं ते निराळंच. त्याने सायकल हुकांवरून उतरवली होती. मागचं चाक अधांतरी धरलं होतं आणि मला म्हणाला, पायडल फिरव. मी फिरवत होतो, तो चेनवर थेंब थेंब तेल सोडत होता. त्याचं नाक चाकाला लागेल इतका जवळ. मध्येच म्हणाला, "रविवारी तू शेवटच्या वळणावर उभा राहा. तिथे ओरडणारं कोणी नसतं." मी म्हटलं, राहतो. मला एवढंच आठवतं, मामा. सात वर्षं मी ते वळण डोक्यात घेऊन फिरतोय आणि तो बिचारा ते वाक्य घेऊन. एकाच संध्याकाळची दोघांनी दोन टोकं धरून ठेवली.

सायकल पूर्ण झालीय. चाकं, हँडल, चेन, सगळं लावलं. खिडकीशी टेकवून ठेवलीय. नुसत्या टेकवण्यावर माझा भरवसा नाही, म्हणून दोरीने बांधलीय. दिवसातून दहा वेळा वळून बघतो. सीटवर रुमाल आहे.

ज्या दिवशी पत्र आलं त्याच दिवशी कोपऱ्यावरून काळ्या धाग्याचं रीळ आणलं. जाताना एक माणूस भलीमोठी काच घेऊन शिडी चढत होता, आणि मी बघितलंसुद्धा नाही. म्हणजे थोडंसं बघितलं. रीळ आणलं पण. टेबलावर आहे.

आता यायचं कसं, ते ठरवतोय. सायकल मला मोठी होते, तेव्हा चालवत येणं नाही. गाडीत टाकून आणावी तर दारात उभं राहून पहिलं काय बोलायचं? 'दादा, ही तुझी' म्हटलं तर तो विचारेल, आधीची कुठे आहे? तिथे मला होडी सांगावी लागेल. मी सांगेन. फक्त पहिलं वाक्य सापडत नाहीये. पुढच्या आठवड्यात यार्डात सुटी मिळाली तर, किंवा त्याच्या पुढच्या, म्हणजे फोरमनला विचारून

थांबा. बाई खालून ओरडतायत. जसं ऐकू येतंय तसं लिहितो.

"अहो वरचे! जरा खाली या! एक उंच गृहस्थ आलेत, पँट मागतायत. पावती नाही म्हणतात. मी सगळे हँगर पालथे घातले. म्हणतात बापाने हाच पत्ता दिलाय, कारागिराकडे तयार आहे म्हणाला. मी म्हटलं, साहेब, इथे शिवत नाहीत, धुतात! तर हलायला तयार नाहीत!"

मी खिडकीतून बघितलं.

लांबलचक पाय. पँट घोट्याच्या वर. हातात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. तो लाँड्रीच्या पाटीकडे बघतोय, मग चिठ्ठीकडे, मग पुन्हा पाटीकडे. थोडा जाड झालाय. मांजर त्याच्या बुटावर बसलंय आणि ते उठू नये म्हणून तो पाय हलवत नाहीये.

मामा, दादा आलाय.

सायकल सोडवली. रीळ खिशात घातलं. पत्र असंच टाकीन. जिना अकरा पायऱ्यांचा आहे. मध्ये कुठेही थांबणार नाही.